तुलनेच्या गटातल्या बायका



कोणतेही औषध, लस किंवा तपासणी आपल्यापर्यंत येते, त्याआधी ती माणसांवर करून पाहिलेली असते. त्याशिवाय तिचा गुण-दोष कळत नाही. त्यामुळे संशोधनच नको, असे आम्ही म्हणणार नाही. टीबीच्या गोळ्या, सापाच्या विषावरचे इंजेक्शन, बाळाला पाजायचे पोलिओचे डोस हे सगळे संशोधनातूनच आले आहे. प्रश्न वेगळा आहे. हे करून पाहणे कोणावर होते? त्यांना काय सांगितले जाते? आणि त्यातून जे कळते, त्याचा फायदा शेवटी कोणाला मिळतो?

हे प्रश्न आपल्यासाठी परक्या देशातले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर असा एक अभ्यास पंधरा वर्षे चालला. वस्तीतल्या घरांना त्याची फारशी माहिती नाही. म्हणून या वेळी तो नीट समजून घेऊ.

आधी आजार समजून घेऊ

गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो फार सर्रास आढळतो. त्यामुळे तो झाला म्हणून बाईच्या चारित्र्यावर बोट दाखवण्याचे काही कारण नाही. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात मात्र राहतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो. या बिघाडाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात.

ही दहा-पंधरा वर्षे फार महत्त्वाची आहेत. या काळात बाईला काहीही त्रास होत नाही, पण तपासले तर बिघाड दिसतो. तेव्हा तो भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो. मोठे ऑपरेशन लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. अंगावरून रक्त जायला लागल्यावर किंवा घाण वासाचे पाणी जायला लागल्यावर आपण दवाखाना गाठतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

ही तपासणी तीन प्रकारे करतात. पहिली पॅप स्मिअर. यात पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमेरिका-युरोपात ती गेल्या शतकाच्या मध्यापासून रुळली आणि तिथे या कॅन्सरने मरणाऱ्या बायका खूप कमी झाल्या. दुसरी एचपीव्ही विषाणूची तपासणी. तिसरी सगळ्यांत स्वस्त, तिला व्हीआयए म्हणतात. यात पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी लावतात. मिनिटभर थांबले की बिघडलेली जागा पांढरी दिसते. मशीन नको, प्रयोगशाळा नको. दहावी शिकलेल्या बाईला काही आठवड्यांत हे काम शिकवता येते.

मुंबईत काय झाले

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली हा अभ्यास सुरू केला. त्याचे प्रमुख डॉ. सुरेंद्र शास्त्री होते. पैसा अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा होता. व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू खरोखर कमी होतात का, हे त्यांना पाहायचे होते.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे २० भाग निवडले. तिथल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका अभ्यासात घेतल्या. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे भाग दोन गटांत वाटले. दहा भागांतल्या ७५,३६० बायकांना कॅन्सरची माहिती दिली आणि दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, व्हिनेगरची तपासणी देऊ केली. उरलेल्या दहा भागांतल्या ७६,१७८ बायकांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती सांगितली. त्यांची तपासणी केली नाही. पुढची वर्षे फक्त कोणाला कॅन्सर झाला, कोण वारले, याची नोंद घेतली.

या दुसऱ्या गटाला संशोधनाच्या भाषेत 'नियंत्रण गट' म्हणतात. आपण त्याला तुलनेचा गट म्हणू. एका गटाला काही दिले आणि दुसऱ्याला दिले नाही, तरच दोघांमधला फरक मोजता येतो, हा त्यामागचा विचार आहे.

निकाल २०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत जाहीर झाला. तपासणीच्या गटात या कॅन्सरने ६७ बायका वारल्या होत्या आणि तुलनेच्या गटात ९८. हिशेब करून सांगितले गेले की, या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होतात. परिषदेत टाळ्या वाजल्या, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. एका स्वस्त तपासणीने गरीब देशांतल्या हजारो बायकांचे प्राण वाचतील, असे लिहून आले. ते खोटे नव्हते.

आता आपण वस्तीच्या बाजूने हेच आकडे वाचू. दोन्ही गट जवळजवळ सारखे मोठे होते. ९८ मधून ६७ वजा केले तर ३१ उरतात. तुलनेच्या गटातल्या सर्वच ९८ जणी तपासणी झाली असती तर वाचल्या असत्या, असे नाही. तपासणीच्या गटातही ६७ जणी गेल्याच. पण साधारण तीस घरे अशी आहेत, जिथली आई, सासू, बहीण तपासणी झाली असती तर कदाचित आज असती. त्या कोण, हे कोणालाच नेमके दाखवता येणार नाही. म्हणूनच त्यांच्या घरच्यांनी कधी कोणाला जाब विचारला नाही.

आपल्या मराठवाड्यातही

असाच आणखी एक अभ्यास १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होती. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात काहीच तपासणी नाही. या चौथ्या भागात ३१,४८८ बायका होत्या.

निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने वारल्या. तपासणी नसलेल्या ३१,४८८ पैकी ६४ जणी. मुंबईत ज्यांची आजी-मावशी मराठवाड्यात राहते, अशी कितीतरी घरे आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. त्यांच्यासाठी हा दूरचा जिल्हा नाही.

तिसरा अभ्यास तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात झाला. तिथे तुलनेच्या गटात ३०,९५८ बायका होत्या, त्यांतल्या ९२ वारल्या. तिन्ही अभ्यासांची बेरीज केली तर तपासणी न झालेल्या १,३८,६२४ बायका होतात आणि मृत्यू २५४.

आक्षेप काय, उत्तर काय

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी या अभ्यासांवर जाहीर आक्षेप घेतला. त्यांनी अमेरिकन सरकारच्या संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणासाठी असलेल्या कार्यालयाकडे तक्रार केली. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारचा पैसा असल्यामुळे तिथले नियम इथेही लागू होते. चौकशीत त्या कार्यालयाने म्हटले की, संमती घेताना बायकांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. पुढे ही सगळी चर्चा मुंबईतूनच निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नियतकालिकात झाली. बाजूने आणि विरोधात, दोन्ही लिहिले गेले.

संशोधकांची बाजूही आपण ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते. भारतात या कॅन्सरची सरकारी तपासणी मोहीम नव्हतीच. तेव्हा तुलनेच्या गटातल्या बायकांचे आम्ही काही काढून घेतले नाही. त्यांना जे मिळत होते, म्हणजे 'नेहमीची सेवा', ते मिळतच राहिले. उलट कॅन्सरची माहिती मिळाली आणि आजार निघाला तर उपचाराची सोय मिळाली. पॅप स्मिअर आपल्या देशात गावोगाव करणे शक्य नाही, त्यासाठी प्रयोगशाळा आणि डॉक्टर लागतात. तुलनेचा गट नसता तर व्हिनेगरची तपासणी उपयोगी आहे हे सिद्ध झाले नसते आणि सरकारने ती स्वीकारली नसती. नैतिकता समित्यांनी या अभ्यासाला मंजुरी दिली होती.

यात तथ्य आहे. या संशोधकांनी कोणाला विष दिले नाही, कोणाचा आजार लपवला नाही. त्यांतल्या अनेकांनी वस्तीतल्या बायकांसाठी आयुष्य घातले आहे. हे मान्य करूनच पुढचे प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न वेळेचा. दिंडिगुलचा निकाल २००७ साली छापून आला. तिथे व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. उस्मानाबादमध्ये व्हीआयएचा तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, पण एचपीव्ही तपासणीचा मोठा फायदा २००९ मध्येच दिसला. म्हणजे एकदा तरी तपासणी होणे चांगले, हे तेव्हा कळले होते. मग मुंबईच्या ७६ हजार बायकांनी २०१३ पर्यंत का थांबायचे? 

दुसरा प्रश्न पद्धतीचा. व्हिनेगरची तुलना 'काहीच नाही'शीच का? ती पॅप स्मिअरशी करता आली असती. किंवा सर्व भागांना तपासणी द्यायचीच, पण एकामागून एक, असेही करता आले असते. मग आधी मिळालेले आणि अजून न मिळालेले यांची तुलना होते, आणि कोणी कायमचे मागे राहत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचे हेलसिंकी घोषणापत्र २००० साली सुधारले गेले. नवी पद्धत तपासताना तिची तुलना आज उपलब्ध असलेल्या उत्तम पद्धतीशी करावी, हे तत्त्व त्यात आहे. पॅप स्मिअर तेव्हा निम्म्या शतकाहून जुनी होती.

'नेहमीची सेवा' कोणाची?

सगळा वाद शेवटी या दोन शब्दांवर येतो. मलबार हिलवरच्या बाईची नेहमीची सेवा कोणती होती? १९९८ सालीही तिच्या खासगी डॉक्टरने पॅप स्मिअर करून घ्या असे सांगितले असते आणि तिने ती त्याच आठवड्यात केली असती. त्याच शहरात झोपडपट्टीतल्या बाईची नेहमीची सेवा 'काहीच नाही' ही होती. हे 'काहीच नाही' आकाशातून पडलेले नाही. पालिकेचे दवाखाने अपुरे ठेवल्यामुळे, नोकरी-घर-शिक्षण यांत पिढ्यान्पिढ्या मागे ठेवल्यामुळे ते आले आहे.

म्हणजे आधी समाजाने या बायकांना काही दिले नाही. मग संशोधनाने म्हटले, यांना नाहीतरी काही मिळत नव्हते, म्हणून आम्हीही दिले नाही तरी यांचे नुकसान नाही. अन्यायालाच मोजपट्टी केली. हा मुद्दा आपल्याला पटकन कळतो, कारण आपल्या समाजाने हा युक्तिवाद दुसऱ्या रूपात हजारदा ऐकला आहे. यांना तळ्याचे पाणी कधी नव्हतेच, मग आता मागतात कशाला? यांच्या वस्तीत नळ नव्हताच, मग हंड्याभर पाण्यात काय बिघडले? बाबासाहेबांनी महाडला या 'नेहमीच्या' व्यवस्थेलाच हात घातला होता. कालपर्यंत जे चालत आले तेच माणसाचे माप ठरवायचे, हे त्यांनी नाकारले. संविधान सभेतही त्यांनी बजावले होते की, राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र ते नाकारायचे, ही विसंगती फार काळ चालू देता येणार नाही.

ज्या संशोधनाची रचना श्रीमंत बाईवर कोणी करायला धजणार नाही, ती गरीब बाईवरही करू नये. आमच्या मते ही साधी कसोटी आहे.

दुसरीकडे काय घडले

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास चालवला. सिफिलीस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना तुमचे 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. उपचार न झाल्यास हा आजार शरीराचे काय करतो, हे पाहायचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हे त्यावरचे खात्रीचे औषध रूढ झाले, तरी ते त्यांना दिले नाही. ही माणसे आंधळी झाली, वारली, त्यांच्या बायकांना आजार गेला. १९७२ साली बातमी फुटली आणि अभ्यास बंद झाला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. त्याच १९७२ साली इथे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. दोन्ही समाजांचे दुःख ओळखीचे होते.

मुंबईचा अभ्यास टस्कीगीसारखा नव्हता, हे पुन्हा सांगतो. तिथे आजार माहीत असून लपवला, फसवले. इथे तसे नाही. पण दोन्हीकडे निवडले गेले ते ज्यांच्याकडे दुसरा डॉक्टर नव्हता असे लोक.

आपल्या देशातही याहून गंभीर प्रकार घडला आहे. १९७०-८० च्या दशकांत दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, अभ्यासात पिशवीच्या तोंडाचा बिघाड सापडलेल्या हजाराहून अधिक बायकांना उपचार न करता नुसते पाहत राहिले. काहींचा बिघाड कॅन्सरपर्यंत गेला. लेखी संमती घेतलेली नव्हती. १९९७ मध्ये हे बाहेर आले. पुढे २००० साली आयसीएमआरने माणसांवरच्या संशोधनासाठी सविस्तर नैतिक नियम काढले, ते २०१७ मध्ये पुन्हा सुधारले.

आणि २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात सात मुली वारल्या, पण त्या लसीमुळे वारल्या असे चौकशीत आढळले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. एचपीव्हीची लस चांगली आहे, जगभर कोट्यवधी मुलींना दिली गेली आहे. लस चांगली होती, ती देण्याची रीत वाईट होती. या दोन गोष्टींची गल्लत करून आपल्या मुलींना लसीपासून दूर ठेवू नका.

धम्माच्या दृष्टीने

रोज आपण पंचशील घेतो. पहिले शील जीवहत्येपासून दूर राहण्याचे आहे. कोणी म्हणेल, तपासणी न देणे ही काही हत्या नाही. बरोबर, पण शीलाच्या मागे करुणा आहे. धोका दिसत असून, हातात उपाय असून, नुसती नोंद घेत राहणे करुणेत बसते का, हा प्रश्न आहे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. त्याला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी विचारले, याची सेवा का करत नाही? इतर भिक्खू म्हणाले, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग म्हणाले की, माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हा या गोष्टीचा अर्थ आहे. संशोधनात माणूस उपयोगी पडतो, म्हणून तो तेवढ्यापुरताच महत्त्वाचा ठरू नये.

आणि कालामांना तथागतांनी काय शिकवले? कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. पांढरा कोट घातलेल्यालाही हे लागू आहे.

दारावर फॉर्म आला तर

आम्ही नर्सिंगचे काम करताना हे नेहमी पाहिले आहे. संमतीचा कागद पुढे सरकवला जातो, "इथे सही करा, मावशी," एवढेच सांगितले जाते, आणि मावशी सही करून मोकळ्या होतात. संमती म्हणजे सही नव्हे. समजून, विचार करून, भीती किंवा लालूच नसताना दिलेला होकार म्हणजे संमती. कोणी अभ्यासासाठी आले तर हे विचारा:

१. हा उपचार आहे की संशोधन? उपचार तुमच्यासाठी असतो. संशोधन पुढे येणाऱ्या माणसांसाठी असते, त्यात तुमचा फायदा होईलच असे नाही.

२. यात गट किती आहेत? मी कोणत्या गटात जाणार, ते कोण ठरवणार? दुसऱ्या गटाला जे मिळणार आहे ते मला मिळणार नसेल, तर ते दुसरीकडे कुठे मिळते? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मुंबईच्या वस्तीतल्या बाईला हे विचारता आले असते, तर तिने स्वतः जाऊन पॅप स्मिअर करून घेतली असती.

३. मला काही अपाय झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे सरकारी नियम आहेत. त्यांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे.

४. मधेच नको म्हटले तर? केव्हाही बाहेर पडण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यामुळे दवाखान्यातला नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

५. माहितीपत्रक मराठीत आहे का? त्याची आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत मला मिळणार का? प्रत मिळणे हा हक्क आहे. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर पाहिजे. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकातल्या माणसाची संमती घेताना ध्वनि-चित्रमुद्रण करण्याचाही नियम आहे.

६. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? समितीच्या माणसाचे नाव आणि फोन फॉर्मवर असतो. तो लिहून घ्या. औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. घरातल्या शिकलेल्या मुलाला मोबाइलवर पाहायला सांगा.

त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी आणा. विहारात, महिला मंडळात चार जणींना दाखवा. चांगला संशोधक याला हरकत घेणार नाही. जो घाई करतो, त्याच्यापासून सावध राहा.

आपले येणे

आता सगळ्यांत टोचणारी गोष्ट. झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांनी आणि मराठवाड्याच्या गावांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांनी जगाला हे ज्ञान दिले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या सर्व बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करण्याचे ठरवले. ते याच ज्ञानावर उभे आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय बायकांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. प्रमाण १.९ टक्के.

म्हणजे तुलनेचा गट संपलेला नाही. ज्या वस्तीत ही तपासणी पोहोचलेली नाही, ती वस्ती आजही त्याच गटात आहे, फरक एवढाच की आता कोणी नोंदसुद्धा घेत नाही. ज्यांच्यामुळे ज्ञान मिळाले, त्यांना ते परत मिळणे हे आपले येणे आहे. ते मागून घेतले पाहिजे.

काय करायचे? तीस वर्षांवरच्या प्रत्येक बहिणीने जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारायचे: इथे पिशवीच्या तोंडाची तपासणी होते का, कोणत्या दिवशी? नाही म्हटले तर कुठे होते ते लिहून मागायचे. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकडच्यांना कूपर, बोरिवलीला भगवती, मुलुंडला अग्रवाल रुग्णालय आहे. तिथल्या बायकांच्या ओपीडीत विचारता येईल. एकटीला लाज वाटत असेल तर पाच-सहा जणी मिळून जा. पाळी चालू नसताना जा. तपासणीला काही मिनिटे लागतात, थोडे अवघडल्यासारखे होते, फार दुखत नाही. तपासणीत डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त गेले, वासाचे पाणी जात राहिले, तर शिबिराची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने एक वही करावी. वस्तीत तीस वर्षांवरच्या बायका किती, त्यांतल्या किती जणींची तपासणी झाली, हे लिहावे. ही वही घेऊन पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे आणि वस्तीत तपासणीचे शिबिर मागावे. पंधरा वर्षे दुसऱ्यांनी आपली नोंद ठेवली. आता ती आपण ठेवू.

नमो बुद्धाय. जयभीम.